दोन वातांच्या घरातला मिक्सर

मी मिक्सर बोलतोय. वर जाड काचेचं भांडं, खाली चकचकीत पत्र्याचा डबा आणि त्यावर दोन बटणं, हळू आणि जोरात. आम्हा मिक्सरांमध्ये एवढेच दोन प्रकार. माणसांमध्ये तीन असतात, हे मला आयोवातल्या या गावात आल्यावर कळलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. १९७९ सालच्या जूनमध्ये कॉलीनच्या आईने मला ओहायोतल्या एका दुकानातून उचललं आणि लेकीच्या लग्नात भेट दिलं. लेकीपेक्षा मी जावयाला जास्त आवडलो. जावई म्हणजे वेंडेल. बाहेर गुडघाभर बर्फ असताना तो माझ्यात दूध आणि आइस्क्रीम घुसळायचा, खिडकी किलकिली करायचा आणि गार वाऱ्यात उभा राहून ते पेलाभर प्यायचा. कॉलीन शाल घट्ट लपेटून बघत बसायची. लग्न नवं होतं, म्हणून हसायचीही.

दोघं या गावात ध्यान शिकायला आली आणि इथलीच झाली. तेव्हा गावात भल्या पहाटे उठणारी दोन तऱ्हेची माणसं होती. काही डुकरांना खायला घालायला उठत, काही डोळे मिटून बसायला. दोघांनाही एकमेकांचं नवल वाटायचं. वेंडेल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि कॉलीन गावच्या वाचनालयात काम करायची. हळूहळू घरातून मांस गेलं, मग अंडी गेली, मग दूध गेलं. दुधाबरोबर मिल्कशेकही गेला. वेंडेलने खिडकी लावून घेतली.

१९८६च्या जानेवारीत कॉलीनची मैत्रीण फिलिस घरी आली. फिलिस पूर्वी विम्याच्या कचेरीत होती. सहा आठवड्यांचा आयुर्वेदाचा वर्ग करून ती परतली ती चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊनच. तुमचे हात गार असतात का? झोप मध्येच तुटते का? मन एका जागी ठरतं का? भूक कधी लागते आणि कधी लागत नाही, असं होतं का? उत्तरं भरायची, बेरीज करायची, की आपण वात, पित्त की कफ ते कळतं. फिलिसचं म्हणणं, हे एकदा कळलं की आयुष्यातला निम्मा गोंधळ संपतो.

कॉलीनने ती प्रश्नावली माझ्या शेजारी, ओट्याला टेकून भरली. त्या आठवड्यात घराचा हीटर बंद पडला होता. तिची आई जाऊन बारा दिवस झाले होते. तिला झोप नव्हती, भूक नव्हती आणि पेन धरायला बोटं वळत नव्हती. चाळीसपैकी चौतीस उत्तरं वाताची निघाली. वेंडेलने त्याचा कागद नंतर, एकट्यानेच बसून भरला. त्याचीही चौतीसच निघाली. फिलिसला याचा फार अचंबा वाटला.

तेव्हापासून माझं खरं काम सुरू झालं. कॉलीन कुठलीही गोष्ट सावकाश हाती घेते, पण घेतली की सोडत नाही. तिने तीन सॉस बसवले, तिन्ही निव्वळ झाडपाल्याचे. वाताच्या माणसासाठी तीळ, भिजवलेले बदाम, आलं, लिंबू आणि सैंधव. पित्तासाठी खोबरं, कोथिंबीर, पुदिना आणि बडीशेप. कफासाठी मोहरी, मिरी, सुंठ आणि आंबट सफरचंदाचा रस. कफाला मध चांगला असं फिलिसच्या पुस्तकात होतं, पण मधमाशीची परवानगी घेतलेली नसते, म्हणून कॉलीनने तो वगळला. वाताच्या बाटलीला निळं झाकण, पित्ताच्या हिरवं आणि कफाच्या लाल. उकडलेल्या भाजीवर, भातावर, सॅलडवर ज्याने त्याने आपापल्या झाकणाचं ओतायचं.

घरात मात्र दोघांनाही निळंच.

त्या दोन वर्षांत घरात भांडणंही झाली. इतर घरांत होतात तशीच होती. तो वेळेवर यायचा नाही, ती एकदा गप्प झाली की आठवडा आठवडा बोलायची नाही. एका रविवारी तिने हे फिलिसला सांगितलं. फिलिसने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, तुमच्या कुणाचाच यात दोष नाही. दोघंही वात. एका घरात दोन वारे कोंडल्यावर दुसरं काय होणार? दारं-खिडक्या आपटतच राहणार."

दोष कुणाचाच नाही, हे ऐकून कॉलीनला इतकं हायसं वाटलं की ती तिथेच रडली. दोष असता तर तो सुधारावा लागला असता. १९८८च्या वसंतात दोघं अतिशय प्रेमाने वेगळी झाली. पुस्तकं वाटली, ताटं वाटली. मी सॉससाठी लागणार म्हणून तिच्याकडे राहिलो. वेंडेल चार गल्ल्या पलीकडे, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला गेला आणि मोकळ्या वेळात गावाची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करू लागला.

मीही त्याच्याकडेच जायचो. वर्षातून दोनदा माझ्या मोटरचा कार्बन झिजायचा, नाहीतर रबराची रिंग फाटायची. कॉलीन मला टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या टेबलावर ठेवायची. तो मला उघडायचा, फुंकर मारायचा, पाती पुसायचा. दोघं हवेबद्दल बोलायची, मक्याबद्दल बोलायची. निघताना ती निळ्या झाकणाची एक बाटली ठेवून जायची. तो म्हणायचा, बरं झालं, संपतच आली होती. असं पस्तीस वर्षं चाललं. दोघांनीही दुसरं लग्न केलं नाही. दोन वातांचं जमत नाही हे कळलं होतं. मग बाकीच्यांचा भरवसा कोण देणार?

इकडे शनिवारच्या बाजारात कॉलीनचं टेबल नावारूपाला आलं. पण तिथे बाटली उचलून चालू लागता यायचं नाही. आधी ती माणसाला नीट न्याहाळायची, चार प्रश्न विचारायची आणि मग झाकणाचा रंग सांगायची. लॉइड नावाचा शेतकरी होता, सहा फूट उंच आणि त्याच मापात रुंद. एकदा चव बघून तो हिरव्या बाटलीच्या प्रेमात पडला. कॉलीनने बाटली मागे घेतली आणि त्याच्यासमोर लाल ठेवली.

"अहो बाई, मला ती हिरवी आवडली," लॉइड म्हणाला.

"आवडणारच. कफाच्या माणसाला नको तेच आवडतं."

"मग तुम्हाला काय आवडतं?"

"मी वात आहे," कॉलीन म्हणाली. तिच्या लेखी ते उत्तर पुरेसं होतं.

लॉइड त्यानंतर दर शनिवारी बायकोला पाठवून हिरवी बाटली न्यायला लागला. ती काटकुळी होती आणि तिचा चेहरा पटकन लाल व्हायचा, म्हणजे पित्त, म्हणून तिला ती मिळायची. बाजारभर माहीत होतं की तो ती डुकराच्या मांसावर ओतून खातो. कॉलीनला कुणी सांगितलं नाही. माझ्यात वाटलेला पुदिना शेवटी कुठे पोचला ते मलाही उशिराच कळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात गावात एक वैद्य आल्या. डॉक्टर रेमादेवी, त्रिशूरच्या. वय चाळिशीच्या आत, पायात बर्फातले बूट आणि बोलणं नेमकं. त्यांच्या घराण्यात सात पिढ्या हेच काम. कॉलीनने त्यांना जेवायला बोलावलं. दोन दिवस ती ओटा घासत होती, मला तीनदा धुतलं. टेबलावर तिन्ही बाटल्या ओळीने मांडल्या. रेमादेवींनी हिरवीतलं चमचाभर चाखलं आणि खूश होऊन म्हणाल्या की ही तर आमच्या घरची चटणी. कॉलीनने नम्रपणे सांगितलं की हे ड्रेसिंग आहे. मग त्यांनी तिन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं एकाच भातावर घेतलं आणि कालवलं. कॉलीनने नजर दुसरीकडे वळवली.

जेवण झाल्यावर तिने हात पुढे केला. फक्त खात्री करून घ्यायची होती. रेमादेवींनी नाडी धरली, डोळे मिटले, दुसरा हात धरला. जीभ पाहिली, नखं पाहिली, केस पाहिले.

"कफ," त्या म्हणाल्या. "थोडं पित्त आहे. पण मूळ प्रकृती कफाची, अगदी स्वच्छ."

कॉलीन हसली. सांगितलं की काहीतरी चुकतंय, आपण वात आहोत, सदतीस वर्षांपासून.

"सदतीस वर्षं एकच गोष्ट धरून बसलात?" रेमादेवींनी विचारलं. "मग तर वात नक्कीच नाही. तुम्हाला सांगितलं कुणी?"

कॉलीनने कपाटातून तो कागद काढला. तो तिने जपून ठेवला होता. रेमादेवींनी तारीख पाहिली आणि त्या दिवसांत काय चाललं होतं ते विचारलं. कॉलीनने आईचं सांगितलं, हीटरचं सांगितलं.

"त्या आठवड्यात मीसुद्धा वात निघाले असते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती तुमची प्रकृती नव्हती हो. ते दुःख होतं. दोन-तीन महिन्यांत उतरलं असतं."

मग कॉलीन म्हणाली, "मी नवरा सोडला. दोघंही वात होतो म्हणून."

रेमादेवींनी कागद घडी घालून तिच्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "आमच्या ग्रंथांत हजार औषधं आहेत. हे कुठेच नाही."

त्यानंतर तीन आठवडे कॉलीनने मला हात लावला नाही. शनिवारच्या बाजारात तिची जागा रिकामी राहिली. ती खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायची. फिलिसला जाऊन आठ वर्षं झाली होती, त्यामुळे रागावण्यासाठीसुद्धा समोर कुणी नव्हतं. फ्रिजमधलं निळ्या झाकणाचं सगळं तिने बेसिनमध्ये ओतलं, आणि मग बाटल्या इतक्या घासल्या की त्यांच्यावरची नावं गेली.

एका मंगळवारी तिने मला टॉवेलमध्ये गुंडाळलं. माझं काहीच बिघडलेलं नव्हतं. वेंडेलने मला उघडलं, चालवून पाहिलं, परत बंद केलं.

"हा ठीक आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. ती कफ आहे. कधीच वात नव्हती. म्हणजे घरात एकच वारा होता, आणि एका वाऱ्याने काही बिघडत नाही.

वेंडेलने पाना खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. सत्तरीचा माणूस, पण मान शाळकरी पोरासारखी खाली गेली.

"घरात एकही नव्हता," तो म्हणाला. "मी तुझा कागद बघून उतरवला होता."

तिला कळलंच नाही. त्याने पुन्हा सांगितलं. त्याची खरी उत्तरं भलतीच निघत होती. उकाडा सोसत नाही, भूक आवरत नाही, राग लगेच येतो. तिची आई गेली होती, ती रात्रंदिवस गप्प होती आणि त्याला जवळ जायला वाट सापडत नव्हती. त्याला वाटलं, निदान कागदावर तरी दोघं सारखी दिसू. सारखी असली की माणसं एकत्र राहतात, असा त्याचा समज होता.

"मग वेगळं व्हायच्या वेळी का नाही बोललास?"

"तू इतकी सुटल्यासारखी दिसत होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला निमित्तच हवं होतं."

ती टेबलाला धरून खाली बसली. तिची नजर त्याच्या फळीकडे गेली. तिथे निळ्या झाकणाच्या रिकाम्या बाटल्या भिंतीपर्यंत रचलेल्या होत्या, धुऊन, पुसून.

"तू तो सॉस खाल्लास? तिळाचा, आल्याचा? पित्ताच्या माणसाने?"

"सदतीस वर्षं. छातीत जळजळ व्हायची."

"मग खाल्लास कशाला, मूर्खा?"

"तू करून आणायचीस."

तुम्हाला वाटेल की मग ती रडली आणि त्याच्या गळ्यात पडली. तसं काही झालं नाही. ती भयंकर चिडली. सदतीस वर्षं या माणसाने आपल्याला फसवलं आणि वर जळजळही सोसली, म्हणजे रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाही, असं काहीबाही बोलत ती जिना उतरून गेली. मला तिथेच विसरली. दीड महिना आली नाही. कफाचं माणूस रागावलं की असं असतं, आता मलाही कळायला लागलंय.

पण सॉस केल्याशिवाय तिला राहवेना आणि मी तर इथे होतो. डिसेंबरात एका शुक्रवारी ती कोथिंबिरीची जुडी आणि भिजवलेलं खोबरं घेऊन जिना चढून आली. वेंडेलकडे न बघता तिने मला प्लगला लावलं. तेव्हापासून दर शुक्रवारी येते. आधी तासभर थांबायची, आता जेवूनच जाते. तिचा चष्मा दोनदा इथे राहिला, तिसऱ्यांदा तिने तो मुद्दामच ठेवला असावा. लग्नाबिग्नाचं कुणी बोलत नाही. आयुर्वेदही तिने सोडलेला नाही, कुणी गैरसमज करून घेऊ नका. आता वेंडेल पित्त आहे, आणि त्याच्या फ्रिजमधला टोमॅटो केचप तिने पहिल्याच महिन्यात हद्दपार केला.

माझं म्हणाल तर मी आता थकलोय. मोटर तापली की जळका वास येतो. काचेच्या तळाला केसाएवढी चीर गेली आहे. वेंडेल म्हणतो की या मापाचं भांडं आता कुठे मिळत नाही, म्हणून ती मला दोन्ही हातांनी धरून चालवते. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मी आयुष्यभर जे समोर आलं ते वाटलं. एवढंच मागणं आहे, माणसांनो, की माझ्यात काय घालायचं ते ठरवण्याआधी ज्याला खायचंय त्याला एकदा विचारत जा. पुस्तकाला नंतर विचारा.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. कॉलीनने कोथिंबीर निवडली, पुदिना धुतला, बडीशेप भाजली. मग भांड्यावर हात ठेवून थांबली. म्हणाली, "वेंडेल, तुला काय खावंसं वाटतंय?"

तो बघतच राहिला. हा प्रश्न त्याला या घरात काय, कुठेच कुणी विचारला नव्हता. म्हणाला, "थांब जरा. आठवून बघतो."

ती थांबली. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. मीही झाकण उघडं टाकून गप्प राहिलो.