जागची न हललेली गाडी

विश्वासाशिवाय संसार म्हणजे पायाविना इमारत, असं चित्राताईंनी रविवारीच मंडळाच्या कार्यक्रमात ठणकावून सांगितलं होतं. बुधवारी दुपारी चार वाजता त्या सेम्बावांगला, आपल्या इमारतीच्या कारपार्कमध्ये, चौथ्या मजल्यावर, खांबाआड उभ्या होत्या.

आठवडाभर त्यांचे यजमान शामकांत रोज चारला "जरा गाडी फिरवून आणतो" म्हणून किल्ली घेऊन जात आणि तासाभराने परतत. चित्राताईंनी किलोमीटरचा आकडा कॅलेंडरवर टिपून ठेवला होता. गाडी इंचभरही फिरलेली नव्हती.

आज गाडीत नवव्या मजल्यावरची मारिसोल होती. चिलीहून आलेली, नुसती हसणारी. आणि बसली होती ड्रायव्हरच्या सीटवर. त्या सीटवर शामकांतांनी पोटच्या मुलालाही कधी बसू दिलं नव्हतं.

काच उघडी होती.

"विंडस्क्रीन," शामकांत म्हणाले.

"पाराब्रिसास... विंडस्क्रीन," ती आधी आपल्या भाषेत, मग इंग्रजीत म्हणाली.

"शाब्बास. वायपर."

मुलाला, अमेयला, पाढे शिकवताना या आवाजात एवढी माया नव्हती. चित्राताई पुढे झाल्या.

"चालू द्या. शिकवणी दिसतेय."

शामकांत दचकले नाहीत. बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस.

"तिकडे बारा वर्षं गाडी चालवलीय हिने. इथल्या लायसन्सची लेखी परीक्षा इंग्रजीत. शब्दांपाशी अडलंय."

"आणि तुमचं कुठे अडलंय?"

शामकांत डॅशबोर्डकडे बघत राहिले.

"डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो. लायसन्स गेलं. महिना होईल."

महिनाभर 'एमआरटीच्या ट्रेनने जाऊ, तेवढंच चालणं होतं' का चाललं होतं, ते चित्राताईंना आत्ता कळलं.

"मला सांगायचं नाही?"

"आधी सोय लावावी म्हटलं. पुढच्या महिन्यात नोव्हेनाच्या हॉस्पिटलात तुझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. घरी कोण आणणार?"

"टॅक्सी मेल्या आहेत का?"

"आपल्या गाडीतून आणायचं होतं तुला."

मारिसोल हसली. ते हसणं चित्राताईंनी पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. मग मागचं दार उघडून त्या आत बसल्या.

"हं. शिकवा."

"स्टिअरिंग व्हील," शामकांत म्हणाले. सवयीने त्यांचा हात तिकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि परत येऊन मांडीवर पडून राहिला.

"स्टिअरिंग व्हील," मारिसोल म्हणाली.



"अहो," मागून आवाज आला, "तिला म्हणावं, सीट जरा पुढे घे. माझे पाय मावत नाहीयेत."