उलटं टोपण

जहाजावर सगळे तिला चिखलताई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. समुद्राच्या तळाशी असलेल्या दरीतला गाळ, तीन हजार मीटर खालून लांब नळीत भरून वर येतो, तो पहिल्यांदा हातात घ्यायला मिळतो म्हटल्यावर कोण काय म्हणतं याची फिकीर कशाला! नळी डेकवर आली की तिचे मीटर-मीटरचे तुकडे करायचे. तुकड्याच्या वरच्या तोंडाला निळं टोपण, खालच्या तोंडाला लाल. अकरा वर्षं हे काम तिचं. एकदाही चूक नाही.

म्हणूनच त्या सकाळी कामाची वही वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोहिमेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तिसऱ्या तुकड्यात जाड वाळू वर, बारीक गाळ खाली. थर उलटे. तंत्रज्ञ बाईंनी टोपणं उलटी लावली.’

ही वही ऑफिसात जाणार आणि पुढच्या सफरीची यादी तिच्यावरूनच ठरणार. पोरीला दोन-दोन महिने नणंदेकडे ठेवून, घरच्यांचे टोमणे गिळून मिळवलेली जागा या एका ओळीने गेली असती.

थर उलटे होते हे खरंच. दरीतून गाळाचा लोंढा सुटला की जड वाळू आधी बसते, बारीक गाळ मागून. हे तिला कोणी सांगायला नको. पण तिसऱ्या तुकड्याच्या वेळी "जरा बाजूला व्हा हो बाई, टोपणं लावतानाचा माझा फोटो काढायचाय," म्हणून तिला कोणी हटवलं होतं? सरांनी. हातमोजेसुद्धा तिचेच घातले होते मेल्याने.

ती वही घेऊन तडक जेवणघरात गेली. सर चारचौघांत बसून चहात बिस्कीट बुडवत होते.

"सर, तिसऱ्या तुकड्याला टोपणं कोणी लावली?"

"अहो, झालं गेलं. एवढं काय मनाला लावून घेता?"

"फोटो आहे. तुमच्याच फोनमध्ये. दाखवता सगळ्यांना?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बिस्कीट तुटून चहात पडलं.

"बरं बरं, आणा इकडे," म्हणत सरांनी ओळ खोडली आणि मोठ्या मनाने वर लिहिलं: ‘तिसऱ्या तुकड्याची टोपणं उलटी लागली.’

तिने वाचलं. जणू टोपणं आपली आपणच उडी मारून नळीवर बसली!

"लागली?" तिचा आवाज चढला. "माझी चूक असली की लावली, आणि तुमची असली की लागली होय?"

"अर्थ तोच ना. शब्दाचा कीस कशाला पाडता?"

"तोच आहे ना? मग ‘मी लावली’ लिहायला काय जड जातंय?"

सरांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी लिहिलं, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. मग खुर्ची मागे सारून उठू लागले.

तिचा राग मात्र तसूभरही उतरला नव्हता. या सफरीच्या चाळीस दिवसांत काय काय आपोआप ‘तुटलं’, ‘सांडलं’, ‘राहून गेलं’ होतं, ते तिला धडाधड आठवत होतं. तिने समोरची खुर्ची ओढली आणि वहीचं पहिलं पान उघडलं.

"बसा सर," ती म्हणाली. "पेन हातातच असू द्या."