वरच्या मजल्यावरची चाल

ती इस्पितळात चालण्याची तपासणी करणारी तंत्रज्ञ होती. लांबलचक चटईवर पेशंट चालायचा, चटईखालच्या यंत्रणेत त्याचं प्रत्येक पाऊल उमटायचं. पार्किन्सनचा माणूस पाय जवळ ठेवून बारीक पावलं फरफटत नेतो. तसाच भासणाऱ्या एका वेगळ्या आजारात माणूस ताठ, पाय फाकवून चालतो आणि मागच्या मागे पडतो. बारा वर्षांत तिचे कानच तयार झाले होते.

तिच्या वरच्या घरात एक म्हातारे घड्याळजी आणि त्यांची बायको राहायची. काकांना पार्किन्सन होता. त्यांची सर्रर्र, सर्रर्र अशी चाल तिला छतातून रोज ऐकू यायची. एका सोमवारी काकांना छातीच्या जंतुसंसर्गासाठी दवाखान्यात ठेवलं.

मंगळवारी दुपारी वर कुणीतरी चाललं. धप्. विराम. धप्, धप्. मग काहीतरी आदळलं.

काकूंची चाल तर तिच्या आठवणीत चुटूचुटू. ही त्यांची नव्हे, काकांचीही नव्हे. घरात माणूस एकच, आणि पावलं तिसऱ्याच कुणाची! तिने नवऱ्याला सांगितलं.

"भास होतोय तुला," नवरा म्हणाला. "कामाचं कामावर ठेव."

बुधवारी पुन्हा तेच. ती जिना चढून गेली. दार उघडायला बराच वेळ लागला. दारात काकू होत्या, मान ताठ, डोळे रोखलेले. आत कुणीच नव्हतं.

"काकू, कोण चालतंय घरात?"

"मीच की गं. दुसरं कोण?"

त्या आत वळल्या. धप्. विराम. धप्, धप्. तोच आवाज, आता समोर; इतके दिवस तो काकांच्या सर्रर्रखाली दबला असणार.

"कितीदा पडलात?"

काकूंनी खुर्चीची पाठ धरली. मग हळूच म्हणाल्या, "मोजलं नाही. दर वेळी मागेच जाते, कुणी ओढल्यासारखी. आणि खाली बघताच येत नाही. जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, म्हणून चार महिने उतरले नाही. यांच्या आजारपणात माझं कुठे काढू?"

दुसऱ्या दिवशी दोघा शेजाऱ्यांनी काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि तिने त्यांना आपल्या इस्पितळात नेलं. चटईच्या टोकाला वळताना त्या मागे कलंडल्या आणि तिने त्यांना अलगद झेललं. मेंदूच्या डॉक्टरांनी पडद्यावरचे पावलांचे ठसे पाहिले, काकूंचे डोळे तपासले आणि म्हणाले, "हा पार्किन्सन नाही, तसाच भासणारा दुसरा आजार आहे. काकांच्या गोळ्यांचा यांना फारसा उपयोग नाही."

काका घरी आले आणि त्यांनी सगळं ऐकलं. "जन्मभर लोकांची घड्याळं कानाला लावली," ते म्हणाले, "आणि हिची चाल बिघडलेली कळली नाही मला."

"तुम्ही स्वतःत गुंतला होता, मी तुमच्यात," काकू म्हणाल्या. "आता वॉकर एकच घेऊ. नंबर लावू."

महिन्याभरात दोघं तळमजल्यावर राहायला गेली.

तिला मात्र आता कुठेच शांतता नाही. रस्त्यात, दुकानात, बाजारात ती माणसांआधी त्यांची पावलं ऐकते. परवा नवरा पाणी आणायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकला.

"माझीही चाल ऐकतेस का गं?"

"छे," ती म्हणाली आणि पुस्तकात डोकं खुपसलं.