स्लॅबखालचे शवासन

‘सर्व एकेचाळीस ज्येष्ठ नागरिकांनी नव्वद दिवस शवासन पूर्ण केले असून, त्यांच्या मनातील भूकंपाची भीती शंभर टक्के नाहीशी झाली आहे,’ असे योग प्रकल्पाच्या अहवालात छापलेले होते. किल्लारीजवळच्या त्या पुनर्वसित गावात एकेचाळीस म्हातारी माणसे योगाला येत, एवढे खरे. त्यांचे गुडघे सैल झाले, हेही खरे. भीतीचा हिशेब मात्र त्यांच्यातल्या गुणाबाईच्या पाठीला न विचारताच मांडला गेला होता. आणि ती पाठ सभागृहाच्या फरशीला एकदाही टेकलेली नव्हती.

त्र्याण्णव साली भूकंपात घराचे मातीचे माळवद कोसळले, तेव्हा तिच्या घरातली तिघे त्याखालीच राहिली. तेव्हापासून ती अंगणातल्या पत्र्याखाली झोपे. पक्क्या छताखाली बसायला तिची हरकत नव्हती. आडवे होण्याला होती. शवासनाची वेळ आली की ती निमूट बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसे, आणि योगशिक्षक सिद्धलिंग हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढे बरोबरची खूण करी.

या यशावर प्रसन्न होऊन प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेने ठरवले, की यापुढे वर्ग सभागृहातच, दारे बंद करून होईल. मध्येच उठणाऱ्याचे नाव कमी होईल. नव्वद दिवसांत गुणाबाई भिंत न धरता उठायला शिकली होती. ते तिला गमवायचे नव्हते. लातूरहून संस्थेचे अधिकारी आले, तेव्हा ती सर्वांदेखत म्हणाली, “सायब, वर्ग अंगणात घ्या.”

“आजी, तुमची भीती तर गेली ना?”

“गेली? मला न सांगताच?”

सभागृह हसले. शेजारची नागुबाई म्हणाली, “मास्तर मढ्यावानी पडा म्हंतो. मढी लई पाहिलीत आमी. शिकवनी कशाला?”

यावर कोणी हसले नाही. अधिकाऱ्यांनी अहवालाला जोडलेला हजेरीचा कागद सिद्धलिंगपुढे धरला. “ही खूण कोणाची?”

सिद्धलिंग याच गावचा, भूकंपाच्या वेळी सहा वर्षांचा होता. त्याने चटयांची चळत उचलली, बाहेर अंगणात नेऊन टाकली, आणि दारातूनच उत्तर दिले:

“खूण माझीच हाय, सायब. गुणामावशीच्या नावापुढं फुली मारायची, तर आधी माझ्या नावापुढं मारावी लागली असती. नव्वद दिवस सगळ्यांना डोळे मिटा म्हणलो, अन् मी ह्या चौकटीत उभा राहून स्लॅबकडं बघत होतो.”