बारा ते एकची फेरी

काचेच्या तारांतून चित्रं वाहून नेणाऱ्या प्रकाशाच्या जोडण्यांचं वेळापत्रक लावणं हे ताईचं काम. एका ठिकाणचं चित्र एकाच वेळी अनेक ठिकाणी पोचवायचं, पण वाटेतल्या कुठल्याही स्विचमध्ये, म्हणजे प्रकाशाची वाट वळवणाऱ्या पेटीत, दोन प्रकाश एकत्र येऊ द्यायचे नाहीत. आले की एक दुसऱ्यात पाझरतो आणि दोन्ही चित्रं फाटतात. म्हणून एकमेकींच्या आड येणाऱ्या जोडण्या वेगवेगळ्या फेऱ्यांत, म्हणजे वेगवेगळ्या वेळांना, टाकायच्या.

त्या दिवशी दहा ते बारा एक शस्त्रक्रिया नऊ रुग्णालयांत दाखवायची होती. बारा ते एक, धाकट्या भावाच्या शाळेतलं नाटक. भाऊ कर्णबधिर मुलांना शिकवायचा. त्यांनी खुणांच्या भाषेत बसवलेलं नाटक तशाच आणखी सहा शाळा बघणार होत्या.

पावणेबाराला रुग्णालयातून फोन आला. रक्तस्राव थांबत नव्हता, नऊ ठिकाणचे डॉक्टर बघून सल्ला देत होते. किती वेळ लागेल, सांगता येत नव्हतं.

ताईने कागद पुढे ओढला. एकेक वाट आखली, खोडली. सहाही शाळांकडे जाणारा प्रकाश कुठे ना कुठे शस्त्रक्रियेच्याच स्विचमध्ये शिरत होता.

"डोकं फोडलंस तरी वाट निघायची नाही," मागे उभे असलेले साहेब म्हणाले. "त्यांना दोनची फेरी लावतो."

तिने भावाला फोन केला.

"दोनला? अगं, सव्वा एकला पोरांची बस निघते!"

"मी काहीच करू शकत नाही रे."

"सगळं तुझ्याच हातात असतं ना? चार महिने घासलंय पोरांनी. तोंडं रंगवून उभी आहेत."

"तिकडे माणूस टेबलावर आहे."

भाऊ म्हणाला, "त्यांना सांगणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

बाराला पडदा उघडला. चित्र फक्त ताईपर्यंत येत होतं, पुढे कुठेच जात नव्हतं. राजा झालेल्या मुलीची मिशी सारखी सुटत होती. एका हाताने मिशी धरून ती दुसऱ्या हाताने हुकूम सोडत होती. ताईला हसू आलं.

शेवटी मुलं रांगेत वाकली आणि समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. तिथे सहा शाळांचे वर उचललेले, हलणारे पंजे दिसायचे होते. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. पडदा काळाच राहिला. ताईने खुर्चीतूनच दोन्ही हात वर करून हलवले. साहेबांनी मान दुसरीकडे वळवली. राजाने भावाची बाही ओढून काहीतरी विचारलं. भाऊ वाकला, पण त्याचे हात हलले नाहीत.

दीडला शस्त्रक्रिया संपली. माणूस वाचला.

दोनला जोडणी आपोआप लागली. ती रद्द करायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, शाळेतला कॅमेराही चालूच होता. सहा शाळांतली मुलं दाटीवाटीने बसून बघू लागली. रिकाम्या सभागृहात एक मावशी खुर्च्या एकावर एक रचत होत्या.

पाच मिनिटांनी एका शाळेचा निरोप आला, "नाटक कधी सुरू होणार?"

ताईने उत्तर लिहायला घेतलं, आणि पुसलं.