मौनबाबांचा पट्टा

इमारतीच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, गॅलरीत माणसं, पाण्याच्या टाकीवरही माणसं. मधोमध मौनबाबा बसले होते. नाव मौनबाबा, पण तोंडाची टकळी क्षणभर थांबेल तर शपथ!

समोर दोरीला हिसके देत भुंकत होता भोंगा. हे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंचा, दिवसभर दाराशी बांधलेला हा कुत्रा. जिन्यात पाऊल वाजलं की भुंक, भांडं पडलं की भुंक, काहीच झालं नाही तर का होत नाही म्हणून भुंक. घरमालकाने बाईंना निक्षून सांगितलं होतं, "एक तर कुत्रं जाईल, नाहीतर तुम्ही." नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली. त्याला घेऊन जायचं कुठे? आणि त्या मुक्या माणसाला दिवसभर सोबत होती ती याच कुत्र्याची.

"माउली," बाबा डोळे मिटून म्हणाले, "हा आवाज याचा नाहीच. तुमच्या यजमानांचा आवाज गिळलाय याने! याची वाचा बांधली की त्यांची सुटेल."

बाई पुढे सरसावल्या. एवढी आशा त्यांना कुठल्याच डॉक्टरने दाखवली नव्हती. त्यांनी बाबांचे पाय धरले.

बाबांनी झोळीतून जाड काळा पट्टा काढला, मध्ये ताईतासारखी डबी. पुटपुटत तो भोंग्याच्या गळ्यात करकचून आवळला. भोंगा भुंकला आणि लगेच 'कुंई' करून जमिनीला चिकटला. पुन्हा भुंकायला गेला, पुन्हा कुंई. मग गप्प.

"चमत्कार!" अख्खी इमारत ओरडली.

"गाठ सोडाल, तर यजमानांची वाचा कायमची जाईल," बाबांनी बजावलं. जी गेलेलीच आहे ती आणखी कशी जाणार, हे विचारायचं कुणालाही सुचलं नाही.

घर शांत झालं. घरमालक खूश, शेजारी खूश. भोंगा मात्र शिलाई मशीनखाली अंग चोरून पडायचा. वाटीतलं खाणं वाळून जायचं. खाटेवरून नवरा ते पाहायचा आणि चांगला हात स्वतःच्या गळ्याशी नेऊन घशातून विचित्र आवाज काढायचा.

"वाचा सुटतेय हो तुमची!" बाई हरखून म्हणायच्या. तो जोरजोरात मान हलवायचा. बाईंना वाटायचं, हो म्हणतोय.

एका दुपारी बाई काजं करत होत्या. धप्पकन आवाज झाला. नवरा खाटेवरून खाली पडला होता आणि फरफटत मशीनपाशी जाऊन एका हाताने पट्टा ओढत होता. बाईंनी त्याचा हात हिसडून बाजूला केला.

"अहो, वेड लागलंय का? स्वतःच्याच जिवावर उठलात?"

तो फरशीवर डोकं टेकून रडायला लागला. भोंगा हलला नाही. डोळे उघडे, पण जिभेला पाणी लावलं तरी घेईना. मग मात्र बाईंचं काळीज हललं. शेजारणीला नवऱ्यापाशी बसवून त्यांनी कुत्र्याला उचललं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली.

"आधी पट्टा काढायला हवा," डॉक्टरीणबाई कात्री घेत म्हणाल्या.

"नको! गाठ सोडली तर आमच्या ह्यांची वाचा जाईल."

"बाई, मानेत पू झालाय. पट्टा तसाच राहिला तर कुत्रं जगणार नाही."

बाईंनी पदर तोंडात कोंबला. एकीकडे नवऱ्याचा आवाज, दुसरीकडे हा मुका जीव. फरशीवर रडणारा नवरा डोळ्यांपुढे आला. तो गळ्याशी हात का नेत होता, ते त्या क्षणी त्यांना लख्ख कळलं.

"कापा," त्या म्हणाल्या.

पट्ट्याच्या आत, कातडीत रुतलेली धातूची दोन टोकं निघाली. डबीत होतं छोटं यंत्र आणि बॅटरी. "कुत्रा भुंकला की घसा थरथरतो. थरथर लागली की यंत्र विजेचा झटका देतं. हाच तुमचा चमत्कार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंनी ती टोकं स्वतःच्या तळहातावर टेकवली आणि डबीवर टिचकी मारली. "आई गं!" त्या किंचाळल्या. मग भोंग्याला कुशीत घेऊन ढसाढसा रडल्या.

पुढच्या वेळी अंगणात बाबांचा दरबार भरला, तेव्हा बाई डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊनच गेल्या.

"बाबा, हा पट्टा गळ्यात बांधा आणि तुमचाच मंत्र म्हणा."

बाबांचा चेहरा पडला. "देवाची वस्तू माणसाने—"

"देवाच्या वस्तूला बॅटरी लागते?" बाईंनी डबी उघडून सगळ्यांपुढे धरली. त्या दिवशी मौनबाबा पहिल्यांदाच मौनात गेले, आणि मग झोळी विसरून फाटकाबाहेर.

डॉक्टरीणबाईंनी खरा उपायही सांगितला. दिवसभर दाराशी बांधलेला कुत्रा प्रत्येक पावलाला भुंकणारच. त्याची जागा आतल्या खोलीत हलवा, रोज फिरवून आणा. भुंकताना ओरडू नका. गप्प झाला रे झाला की लगेच बिस्किटाचा तुकडा द्या. वेळ लागेल.

तुकडा देण्याचं काम नवऱ्याने घेतलं. तो तळहात उभा धरायचा, वाट पाहायचा, भोंगा थांबला की तुकडा द्यायचा. घरमालक दोनदा येऊन तणतणून गेला. पण हळूहळू भोंगा त्या हाताकडे बघून गप्प व्हायला शिकला आणि घरमालकाचं येणंही थांबलं.

नवऱ्याची वाचा परत आली नाही. ती मेंदूला झालेल्या इजेने गेली होती, कुत्र्याने गिळली नव्हती. हे मान्य करणं बाईंना फार जड गेलं. पण आता कुणी नव्या बाबाची गोष्ट घेऊन आलं, की त्या मशीन थांबवून एवढंच म्हणतात, "माणूस बुडायला लागला की काहीही धरतो, मीही धरलं. पण बाबांनो, धरण्याआधी आत काय आहे ते उघडून बघा. आणि जो उघडू देत नाही, त्याच्या दारात उभे राहू नका."