तीन नियम

क्लेटनने गार कॉफीचा पेला अर्लीनच्या डोक्यावर उपडा केला, आणि नेमके तेव्हाच तिचे वडील होसिया चर्चच्या तळघराचा जिना उतरून आत आले. दुकानातल्या लिफ्टवाल्याची टोपी अजून त्यांच्या डोक्यावर होती. कॉफी अर्लीनच्या मानेवरून कॉलरमध्ये ओघळत होती, तरी लेक स्टुलावर ताठ बसून होती. होसियांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा काय पोरखेळ चाललाय? अर्लीन, ऊठ. घरी चल."

"तालीम आहे, डॅडी," ती न हलता म्हणाली. "सोमवारी तुमच्या दुकानात फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसणार आहोत आम्ही काळी पोरं. तिथे हे असंच होणार."

"आणि मंगळवारी माझ्या हातात नारळ! बावीस वर्षं लिफ्ट चालवतोय मी तिथं. म्हणे तालीम! गप्प बसायचं, एवढंच ना? जन्मभर तेच करत आलोय."

तालमीला जमलेली पोरं हसली. क्लेटन मात्र हसला नाही. पाद्री व्हायला निघालेला हा किडकिडीत मुलगा तालीम घेत होता.

"मग बसा, काका. तीनच नियम. उलट बोलायचं नाही, हात उचलायचा नाही, जागेवरून उठायचं नाही. पाच मिनिटं टिकलात तर लेकीला घरी न्या. अर्लीन, कबूल?"

अर्लीनने मान डोलावली. तालमीत आता तिला गोऱ्या बाईचं सोंग करायचं होतं. होसिया टोपी काढून ऐटीत बसले. ती त्यांच्या मागे उभी राहिली.

"डॅडी, मला नाही जमत."

"बोल की! मी काय मेणाचा आहे?"

तिने डोळे मिटले. लहानपणी बापाच्या लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभी राहून ऐकलेला एका साहेबाचा आवाज तिला आठवला.

"ए पोरा! ऊठ, जागा दे."

चोपन्न वर्षांचे होसिया उभे होते. कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. टोपी छातीशी धरलेली, मान जराशी झुकलेली, आणि तोंडावर हसू.

"हो साहेब. बसा ना साहेब."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अर्लीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लेकीसमोर, या एवढ्याशा पोरांसमोर! धरणी पोटात घेईल तर बरं, असं होसियांना झालं. त्यांनी तळव्याने तोंड पुसलं, तरी ते मेलं हसू जाईना.

"डॅडी, मी मुद्दाम नाही हो..."

"ठाऊक आहे."

जिना दहा पावलांवर होता. होसियांनी एकदा तिकडे पाहिलं. मग टोपी स्टुलाखाली ठेवली, पुन्हा बसले आणि स्टुलाची कड दोन्ही हातांनी गच्च धरली.

"पुन्हा म्हण," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "सोमवारला अजून दोन दिवस आहेत."